हप्त्याचे पैसे कुठून आले?

नोकरीला लागलो त्या वर्षी माझ्याकडे आलेलं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एक बटण होतं. आमच्या टीमकडे एका मायक्रोफायनान्स कंपनीचं वसुलीचं अ‍ॅप होतं. गावोगाव फिरणारे त्यांचे फील्ड ऑफिसर, म्हणजे कर्जदार बायकांच्या भाषेत 'सर', दर आठवड्याला केंद्राच्या सभेत हप्ते गोळा करत आणि तिथल्या तिथे मोबाइलवर नोंद करत. त्या स्क्रीनच्या तळाशी 'सभा बंद करा' असं बटण होतं. मागणी एका ओळीची होती: केंद्राची येणे रक्कम आणि जमा रक्कम जुळत नाही तोवर बटण दाबता येऊ नये. दोन आकड्यांची तुलना करायची, बाकी काही नाही. मी ते अर्ध्या दिवसात लिहिलं, तपासलं आणि पुढच्या कामाला लागलो.

तीन-चार महिन्यांनी आम्हा दोघा-तिघांना अ‍ॅप प्रत्यक्षात कसं वापरतात ते बघायला एका गावी नेलं. समाजमंदिराच्या ओट्यावर वीस-बावीस बायका बसल्या होत्या. सकाळी साडेआठची सभा. शपथ झाली, हजेरी झाली, हप्ते जमा झाले आणि सहाशे रुपये कमी पडले. एक बाई आलीच नव्हती. कोणी आवाज चढवला नाही. सर फोनकडे बघत बसले, बायका बसून राहिल्या. एकीला मजुरीला जायचं होतं. तिच्या सोबतच्या बायका रस्त्यावरून तिला हाका मारत होत्या, मग त्या पुढे निघून गेल्या. तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला. पावणेदहाच्या सुमारास दोघी उठून त्या न आलेल्या बाईच्या घरी जाऊन आल्या, हात हलवत. शेवटी एका म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून दोनशे काढले, दुसरीनं शंभर दिले, उरलेले कोणीतरी किराणा दुकानातून मागून आणले. राखाडी बटण हिरवं झालं. त्या दिवशी आमच्या डॅशबोर्डवर त्या केंद्राची वसुली शंभर टक्के होती, आणि ती नोंद खोटी नव्हती.

त्यानंतर मी छोट्या कर्जांवरची पुस्तकं वाचायला लागलो. अर्थशास्त्र मी शिकलेलो नाही. इंजिनिअरिंगमध्ये त्या नावाचा एक पेपर होता, तो आदल्या रात्री वाचून सुटतो. त्यामुळे मी ही पुस्तकं मला येतं तसंच वाचतो: हा माणूस कोणती माहिती कोणत्या रकान्यात ठेवतोय, आणि कोणता रकाना त्यानं ठेवलेलाच नाही? छोट्या कर्जानं गरिबी हटते का, या प्रश्नावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत भरपूर लिहिलं गेलंय. मला त्यातली चार पुस्तकं महत्त्वाची वाटतात, आणि चौघांचं उत्तर वेगळं येण्याचं कारण मतभेदापेक्षा त्यांच्या सांगण्याच्या पद्धतीत जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे.

पहिलं अर्थातच मुहम्मद युनूस यांचं 'बँकर टू द पुअर'. १९७४च्या दुष्काळानंतर चितगाव विद्यापीठातला हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक शेजारच्या जोबरा गावात हिंडायला लागतो. तिथे त्याला बांबूचे मोढे विणणारी सुफिया बेगम भेटते. बांबूसाठी तिला पाच टका लागतात, ते व्यापारी देतो, आणि मोढा त्यालाच विकायचा ही त्याची अट असते. दिवसभर विणून तिच्या हातात पन्नास पैसे उरतात. युनूस एका विद्यार्थिनीला हाताशी धरून गावातल्या अशा माणसांची यादी करून घेतात. ४२ माणसं, मिळून गरज ८५६ टक्यांची. ते ती रक्कम खिशातून देतात. पुढे १९८३मध्ये ग्रामीण बँक, २००६मध्ये शांततेचं नोबेल.

ही गोष्ट मी अनेकदा वाचलीय आणि दर वेळी तिचा परिणाम होतो. कारण ती गोष्ट म्हणून पक्की आहे. खलनायक आहे, अन्याय पैशांत मोजलेला आहे, सुटकेची किंमत हसू यावं इतकी कमी आहे. मराठी वाचकाला तर ती ऐकल्यासारखीच वाटते. १८७५च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली तेव्हापासून आपल्याकडे कर्जाच्या प्रत्येक गोष्टीत सावकार ठरलेला आहे. त्याला बाजूला केलं की गोष्ट संपते.

पण सुफियाच्या गोष्टीत एक गृहीतक न बोलता बसलेलं आहे, की तिला कमी आहे ते फक्त भांडवल. पाच टके मिळाले की मोढ्याची पूर्ण किंमत तिची. गावात आणखी दहा जणींना पाच-पाच टके मिळाले आणि सगळ्यांनीच मोढे विणले तर ते घेणार कोण? घरातलं कोणी आजारी पडलं आणि बांबूचे पाच टके औषधाला गेले, तर पुढच्या आठवड्याचा हप्ता कशातून? त्याच पुस्तकातली ४२ नावांची यादी मला सुफियापेक्षा जास्त खुणावते. यादीत कोणी नायिका नसते. त्या ४२ जणांचं पुढच्या वर्षभरात महिन्यागणिक काय झालं हे कोणी लिहून ठेवलं असतं, तर या विषयाचा इतिहास वेगळा झाला असता असं वाटतं. पण पुस्तक यादी सोडतं आणि गोष्टीचा हात धरतं. मग जगभर तेच झालं. संस्थांच्या माहितीपत्रकांवर शिलाई मशीन, म्हैस नाहीतर भाजीची टोपली घेऊन हसणारी बाई दिसायला लागली. आमच्या क्लायंटच्या लॉगिन पानावरही ती होती. मशीनवालीच होती.

दुसरं पुस्तक अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचं 'पुअर इकॉनॉमिक्स' (२०११). बॅनर्जींची आई, अर्थशास्त्रज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर, म्हणून २०१९चं नोबेल जाहीर झालं तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पेढे वाटले गेले. पेढे वाटणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्यांचा हैदराबादचा अभ्यास वाचला असावा. त्या निबंधाचं नाव 'द मिरॅकल ऑफ मायक्रोफायनान्स?' असं आहे, आणि सगळा मजकूर त्या प्रश्नचिन्हात आहे. शहरातल्या १०४ वस्त्या घेतल्या. त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि तिथे एका मायक्रोफायनान्स कंपनीनं आधी शाखा उघडल्या. पहिलं कर्ज दहा हजारांचं, पन्नास आठवड्यांत फेडायचं, व्याज १२ टक्के 'फ्लॅट'. (फ्लॅट म्हणजे मुद्दल दर आठवड्याला घटत जातं, पण व्याज शेवटपर्यंत मूळ दहा हजारांवर लागतं. त्यामुळे खरा दर जवळपास दुप्पट पडतो. हे गणित मी कोडमध्ये लिहिलंय. सभेत ते कोणी मोठ्यानं वाचून दाखवल्याचं मात्र ऐकलं नाही.) पंधरा ते अठरा महिन्यांनी दोन्ही प्रकारच्या वस्त्यांत घरोघरी जाऊन पाहणी केली.

सापडलं ते असं. घराचा एकूण महिन्याचा खर्च, जो राहणीमानाचा निदर्शक धरतात, तो सरासरीनं वाढलेला नव्हता. टिकाऊ वस्तूंवरचा खर्च वाढला होता. विडी-तंबाखू, दारू, पान, बाहेरचं खाणं यांवरचा कमी झाला होता. ज्यांचा धंदा आधीपासून बरा चालला होता त्यांच्यातल्या वरच्या थोड्यांचा नफा वाढला, मधल्यांचा नाही. मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरात बाईच्या शब्दाला असलेलं वजन यांत फरक दिसला नाही. आणि मला सगळ्यात बोलका वाटलेला आकडा: शाखा दाराशी आली तरी चारातल्या साधारण एकाच घरानं मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं होतं. शाखा न उघडलेल्या वस्त्यांतही इतर कंपन्यांमुळे हे प्रमाण १८ टक्के होतंच. म्हणजे 'कर्ज हा मानवी हक्क आहे' असं युनूस म्हणत असले, तरी तो हक्क बहुतेकांनी दारावरूनच परत पाठवला होता. पुढे बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथल्या अभ्यासांसह हा निबंध २०१५मध्ये एकत्र छापला गेला. सहाही ठिकाणचा निष्कर्ष थोड्याफार फरकानं एकच होता: थोडं भलं होतं, आयुष्य पालटत नाही.

या कामाबद्दल मला आदर आहे. चिठ्ठ्या टाकल्याशिवाय सुफियाच्या गोष्टीला उत्तर देता आलं नसतं, कारण गोष्टीला दुसरी गोष्टच सापडत राहते. तरीही सरासरीचीही स्वतःची एक पद्धत आहे, आणि तिचा तोटा माझ्यासारख्याला लगेच कळतो. दोन पाहण्यांच्या मधले दीड वर्ष हा एकच रिकामा रकाना आहे. त्यात एकीनं फ्रीज घेतला, एकीनं नणंदेच्या लग्नाला दिले, एकीनं सावकाराचं फेडलं, एकीनं दुसऱ्या कंपनीचा हप्ता भरला, आणि या चौघींची बेरीज शून्याच्या आसपास आली. शून्य परिणाम आणि चार वेगवेगळे परिणाम यांत फरक आहे. तो लेखकांनाही माहीत आहे, पण निबंधाचा सारांश पुढे फिरत राहतो तो शून्याचाच.

याच राज्यात पुढे काय झालं ते थोडक्यात. ऑगस्ट २०१०मध्ये एसकेएस मायक्रोफायनान्स शेअर बाजारात आली. १५ ऑक्टोबरला आंध्र सरकारनं वटहुकूम काढून आठवड्याच्या वसुलीवर बंदी आणली, कारण कर्जदारांच्या आत्महत्या आणि जबरदस्तीच्या वसुलीच्या बातम्या येत होत्या. फेड जवळपास थांबली. पुढे मालेगम समिती, रिझर्व्ह बँकेचे नवे नियम वगैरे. एमिली ब्रेझा आणि सिंथिया किन्नन यांनी दाखवलं, की आंध्रात पैसे अडकलेल्या कंपन्यांनी इतर राज्यांतल्या ज्या जिल्ह्यांत कर्जं आखडली, तिथली मजुरीच घसरली. कर्ज कधी न घेतलेल्या मजुरालाही त्याची झळ लागली. हे सुफियाच्या गोष्टीत बसत नाही, आणि 'कर्ज म्हणजे फास' या उलट्या गोष्टीतही बसत नाही.

आता तिसरं पुस्तक. या लेखाचं निमित्त खरं तर तेच आहे. 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर', २००९. लेखक चार: डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रदरफर्ड आणि ऑर्लांडा रुथवेन. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून जास्त कुटुंबांकडे ते किंवा त्यांचे सहकारी वर्षभर, साधारण दर पंधरा दिवसांनी गेले आणि एकच विचारत राहिले: मागच्या खेपेपासून पैसा कुठून आला आणि कुठे गेला? त्या नोंदींना त्यांनी 'आर्थिक डायऱ्या' म्हटलंय. भारतातली घरं दिल्लीच्या झोपडपट्टीतली आणि उत्तर प्रदेशातल्या खेड्यातली आहेत.

पहिल्याच प्रकरणात ढाक्याचं एक जोडपं येतं, हमीद आणि खदीजा. ही पुस्तकात दिलेली नावं. किनाऱ्याकडच्या गावाहून शहरात आलेले, पत्र्याच्या छपराची एक खोली, स्वयंपाकाची जागा आणि संडास आठ कुटुंबांत मिळून. तो मोटाररिक्षावर बदली चालक, ती घरी थोडं शिवणकाम करणारी. महिन्याची कमाई सरासरी ७० डॉलर. आणि मग लेखक त्यांचा ताळेबंद छापतात, कंपन्यांचा छापतात तसा. एका बाजूला मायक्रोफायनान्स संस्थेतली बचत, घरात लपवलेले थोडे, विश्वासातल्या माणसाकडे सांभाळायला ठेवलेले थोडे, आयुर्विम्याचे हप्ते, गावी पाठवलेले, दुसऱ्याला उसने दिलेले. दुसऱ्या बाजूला संस्थेचं कर्ज, बिनव्याजी उसनवारी, मालकाकडून घेतलेली उचल, दुकानाची उधारी, थकलेलं भाडं. शिवाय शेजाऱ्यांनी यांच्याकडे सांभाळायला ठेवलेले पैसे! स्वतःचे पैसे दुसऱ्याकडे ठेवायचे, कारण घरात राहिले की खर्च होतात, आणि दुसऱ्याचे स्वतःकडे ठेवायचे, कारण त्याचंही तेच. वर्षभरात या सगळ्या खिशांतून फिरलेली रक्कम त्यांच्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त भरते.

हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की कोणीतरी आमचं घर बघून गेलंय. पुस्तकातल्या एकाही घरानं चारपेक्षा कमी प्रकारचे व्यवहार वापरलेले नाहीत. बांगलादेशात सरासरी दहाच्या जवळ. आपल्याकडे या प्रत्येकाला घरगुती शब्द आहे: उसनवारी, उधारी, उचल, भिशी, गहाण, हातगहाण, 'तुझ्याकडे राहू दे'. इंग्रजी पुस्तकाला त्यासाठी व्याख्या द्याव्या लागतात, मराठी वाचकाला नुसती यादी पुरते.

पुस्तकाचं म्हणणं असं, की गरिबाच्या अडचणी तीन आणि त्या एकत्र येतात. कमाई कमी, कमाई बेभरवशाची, आणि त्या बेभरवशाला पुरं पडेल असं साधन हाताशी नाही. 'दिवसाला दोन डॉलर' असं म्हटलं की पहिली दिसते, दुसरी झाकली जाते. कोणालाच रोज दोन डॉलर मिळत नाहीत. एका आठवड्यात सहा मिळतात, मग दहा दिवस काहीच नाही. म्हणून छोट्या कर्जाचा उपयोग बहुतेकदा धंदा काढायला नसतो, तर आजचे पैसे कालच्या गरजेपाशी आणि उद्याचे आजच्या गरजेपाशी नेऊन ठेवायला असतो. हे मान्य केलं की 'कर्जानं गरिबी हटली का' हा प्रश्नच थोडा तिरका वाटायला लागतो. चपलेनं रस्ता कमी झाला का, असं आपण विचारत नाही.

बचतीचंही तसंच. रदरफर्ड यांनी विजयवाड्याच्या झोपडपट्टीत एक बाई पाहिली. ती घरोघर फिरून पैसे गोळा करते. कार्डावर २२० चौकोन, रोज पाच रुपये दिले की एक चौकोन भरतो. ११०० रुपये भरून झाले की ती १००० परत देते. म्हणजे बचतीवर व्याज मिळायचं सोडून बचत करणारीच शंभर रुपये देते. हे ऐकून माझ्या टीममधला एक जण म्हणाला, "मग हे बावळट आहेत का?" पण त्या बाईला हजार रुपये शाळेच्या सुरुवातीला हवे आहेत आणि पाच रुपये रोज हवे आहेत. शंभर रुपये ती रोज दारात येणाऱ्या माणसाचे देते. आपणही जिमचे पैसे देतो. बहुतेक जण नुसतेच देतो.

इतकं आवडूनही या पुस्तकाशी माझं भांडण आहे, आणि ते त्याच्या स्वरूपातूनच येतं. पंधरा दिवसांनी येणारा माणूस रकमा विचारतो, सभेच्या ओट्यावर तो बसत नाही. त्यामुळे घराघरांतून पैसा कसा वाहतो ते लख्ख दिसतं, पण तो वाहायला लावणारा दाब दिसत नाही. उसनवारी म्हणजे 'बिनव्याजी कर्ज' अशी नोंद होते. बिनव्याजी! जावेकडून आणलेल्या पाचशे रुपयांचं व्याज काय असतं ते आपल्या घरांत वेगळं सांगावं लागत नाही. ते दिवाळीला सगळ्यांसमोर फेडावं लागतं, शब्दांत. 'द प्राइस ऑफ मनी' या प्रकरणात लेखक म्हणतात, की अगदी थोड्या दिवसांच्या कर्जाचा वार्षिक व्याजदर काढणं फसवं आहे, ते भाड्यासारखं समजावं. मला अर्धं पटतं. दहा दिवसांसाठी घेतलेल्या हजारावर दिलेले पन्नास रुपये भाडंच आहे. पण तेच दहा दिवस वर्षातून वीसदा आले, की ते भाडं राहत नाही, पगाराला लागलेली गळती होते. पुस्तकाला आपल्या माणसांचं कौतुक इतकं आहे, की त्यांचं कसब बघताना त्यांचा थकवा नजरेआड होतो. शिवाय शेवटच्या प्रकरणाचं नाव 'बेटर पोर्टफोलिओज' आहे. सगळं बघून झाल्यावर लेखक जातात ते जास्त चांगल्या बचत-कर्ज योजनांकडे. रिक्षाचालकाला बदली ऐवजी कायम का करत नाहीत, हा प्रश्न त्यांच्या वहीत नाही.

तो दाब बघायचा असेल तर चौथं पुस्तक. लामिया करीम यांचं 'मायक्रोफायनान्स अँड इट्स डिसकंटेंट्स' (२०११). करीम मानववंशशास्त्रज्ञ आहेत आणि त्यांनी बांगलादेशातच, ग्रामीण बँकेसह चार मोठ्या संस्थांच्या कर्जदार बायकांमध्ये राहून लिहिलंय. त्यांचा मुद्दा सरळ आहे. कर्ज बाईच्या नावावर असतं, पैसा बहुतेकदा नवऱ्याच्या हातात जातो, आणि वसुली चालते ती बाईच्या अब्रूवर. तारण नसलेलं कर्ज असं आपण म्हणतो, पण चारचौघींत होणारी शोभा हेच तारण आहे. त्या याला लाजेचं अर्थकारण म्हणतात. वसुलीसाठी शेजारणीच एखादीच्या घराचे पत्रे उतरवून नेतात, तिथवर हे जातं. नोटाबंदीनंतर विदर्भात बायकांनी मायक्रोफायनान्सची कर्जं माफ करा म्हणून मोर्चे काढले, तेव्हा शहरातल्या माणसांना त्यांचा राग एवढ्याशा रकमेसाठी फार वाटला होता. करीम वाचल्यावर तो राग रकमेचा नव्हता हे कळतं.

करीम यांच्या पुस्तकात अडचण उलटी आहे. तिथे प्रत्येक कर्ज घाव आहे. पुन्हा पुन्हा कर्जाला उभ्या राहणाऱ्या बायकांचं शहाणपण त्यांना दिसत नाही असं नाही, पण पुस्तकाला त्याचं करायचं काय हे उमगत नाही. पण माझं बटण मला याच पुस्तकात भेटलं. समाजमंदिराच्या ओट्यावरचा सव्वा तास हा कोणाच्या दुष्टपणातून आला नव्हता. सर बिचारे तिशीच्या आतले, त्यांच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट. लाज आधीपासून तिथे होती. मी तिला वेळापत्रक दिलं.

२०२२मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम बदलले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज ते मायक्रोफायनान्स, आणि सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत. हेतू चांगला आहे. आम्ही अ‍ॅपमध्ये 'घराचं मासिक उत्पन्न' असा रकाना वाढवला. काही आठवड्यांनी डेटा बघितला, तर एकेका केंद्रात घरामागून घरं एकाच आकड्याची. तो आकडा इतकाच मोठा, की मागितलेलं कर्ज नियमात बसावं. मला हसू आलं, मग आलं नाही. महिन्याचं उत्पन्न किती, या प्रश्नाला त्या घरांत खरं उत्तरच नव्हतं. कोणत्या महिन्याचं, हे आधी विचारावं लागलं असतं.

मी हे सगळं तटस्थ वाचकासारखं लिहितोय, पण तसा मी नाही. आमचं घर इचलकरंजीचं. वडील यंत्रमागावर, पगार आठवड्याचा, आणि माग बंद असले की तोही नाही. २०१४मध्ये मला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा होस्टेलची अनामत आणि पहिली फी मिळून तीस हजार कमी पडत होते. आई बचत गटात होती. गटाची स्वतःची बचत, त्यातून आपसात कर्ज, आणि गट नीट चालला की बँकेचं कर्ज, अशी ती पद्धत. नाबार्डनं १९९२मध्ये पाचशे गटांवर प्रयोग करून ती देशभर नेली. आठवड्याच्या वसुलीच्या कंपन्यांपेक्षा ती बरीच वेगळी आणि सावकाश आहे. आईनं गटातून तीस हजार घेतले. अर्जावर कारण लिहिलं 'शिलाई मशीन'. मशीन आमच्याकडे आधीच होतं. मामीचं जुनं.

म्हणजे सरकारदरबारी माझी पदवी हे एक शिलाई मशीन आहे. त्या वर्षी हैदराबादच्या पद्धतीनं कोणी आमच्या घरी पाहणीला आलं असतं तर त्याला काय दिसलं असतं? नवा धंदा नाही. खर्चात वाढ नाही, उलट घट, कारण हप्त्यासाठी आईनं बरंच काही थांबवलं होतं. टिकाऊ वस्तू नाही. आज मी महिन्याला कमावतो ती रक्कम त्या पाहणीला कुठल्याच रकान्यात सापडली नसती. 'पुअर इकॉनॉमिक्स'मध्येच एक प्रकरण आहे नाइलाजानं धंदा करणाऱ्यांवर. त्यात बॅनर्जी-डुफ्लो म्हणतात, की गरीब आईबापांना मुलांनी उद्योजक व्हावं असं वाटत नाही, त्यांना मुलांसाठी कायम नोकरी हवी असते. ते वाचून मी आईला फोन केला. ती म्हणाली, "त्यात पुस्तक लिहिण्यासारखं काय आहे?"

पण हे लिहिताना मला माझीच भीती वाटते. तीस हजारांचं कर्ज, मुलगा इंजिनिअर: ही सुफियाचीच गोष्ट झाली, फक्त मोढ्याच्या जागी मी. लॉगिन पानावर माझा फोटो चालून जाईल. माझी आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिनंही त्याच सुमारास कर्ज घेतलं, गटातून नाही, कंपनीकडून. मुलीच्या बाळंतपणात ते गेलं. ते फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. तिघांच्याही खात्यात तिची नोंद बराच काळ वेळेवर फेडणारी अशीच राहिली असणार. आमच्या भाषेत 'शून्य दिवस थकीत'. तिच्या कानातलं गेलं ते कोणत्याच खात्यात नाही. दोघी एकाच घरात वाढलेल्या नाहीत, पण अक्कल, कष्ट, काटकसर यांत आत्या आईपेक्षा तसूभर कमी नाही. फरक इतकाच, की त्या वर्षी आमच्याकडे कोणी आजारी पडलं नाही.

गेल्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा आईला विचारलं, की ते तीस हजार तू फेडलेस कशातून? मला वाटलं ती 'शिवणातून' म्हणेल. तिनं कपाटावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात साडीच्या दुकानाच्या जाहिरातीची एक छोटी डायरी होती. प्रत्येक महिन्याला एक ओळ, तारीख, रक्कम आणि पुढे कारण. 'ब्लाऊज ११ + पिको'. 'भिशी लागली'. 'यांची उचल'. 'दूध अर्धा लिटर केले'. 'वहिनीकडून ५०० (दिले)'. 'बोनस'. 'गॅसचे बाजूला ठेवलेले'. दोन वर्षांच्या ओळी. मी त्या मोबाइलवर टिपून घेत होतो आणि ती बाजूला चकल्या तळत मधूनमधून दुरुस्त करत होती, की ती वहिनी नव्हे, ही वहिनी.

तीन ओळींपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. रक्कम होती, तारीख होती, पुढे नुसती बरोबरची खूण.

"हे कुठून आले होते?"

"आले होते कुठून तरी," ती म्हणाली, आणि झारा तेलात तसाच धरून ठेवला. "ते नको लिहूस."